नळी तोंडात, दुखणं अंगात: न बोलणाऱ्या पेशंटची वेदना आयसीयूत कशी ओळखतात

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला भेटून बाहेर आलेला नातेवाईक हमखास दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘शांत झोपलेत, बघून बरं वाटलं’ किंवा ‘फार तळमळतायत हो, काहीतरी द्या ना त्यांना.’ दोन्हींमागची समजूत एकच: हलतो त्याला दुखतं, हलत नाही त्याला दुखत नाही. ही समजूत फक्त नातेवाइकांपुरती असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण ती आयसीयूच्या आतही मुरलेली आहे. पेशंटने हातपाय झाडले की ‘फाइट करतोय, सेडेशन (गुंगीचं औषध) वाढव’, आणि निपचित पडला की वेदनेच्या रकान्यात शून्य. दोन्ही वेळा चूक होऊ शकते आणि दोन्ही वेळा भोगतो पेशंटच.

आधी एक गाठ सोडवू. झोपेचं औषध वेगळं आणि दुखणं थांबवणारं औषध वेगळं. मिडाझोलॅम आणि प्रोपोफॉल गुंगी आणतात, पण दुखणं कमी करत नाहीत. ते काम फेंटानिल, मॉर्फिन आणि पॅरासिटामॉलचं. पोटावर ताजे टाके आहेत आणि पंपातून फक्त मिडाझोलॅम चाललंय, तर माणूस दिसतो झोपलेला. पण टाक्यांकडून मेंदूकडे जाणारा निरोप काही थांबलेला नसतो. त्या निरोपाला शरीर आपल्या परीने उत्तर देत राहतं. ताणाची संप्रेरकं वाढतात, साखर चढते, दुखऱ्या पोटामुळे श्वास उथळ होतो, खोकला दबतो आणि छातीत कफ साचतो. म्हणून आता रीत अशी आहे की आधी दुखणं आवरायचं, आणि तरीही गरज उरली तरच गुंगीचं औषध जोडायचं. हा क्रम पाळला की गुंगीचं औषध बरेचदा कमी लागतं.

वेदनेच्या अभ्यासाची जागतिक संघटना, म्हणजे आयएएसपी, हिने २०२० मध्ये वेदनेची १९७९ पासून चालत आलेली व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांमध्ये साफ लिहिलंय की शब्दांत सांगणं हा वेदना व्यक्त करायच्या अनेक मार्गांपैकी एक आहे आणि सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. बेडजवळ उभं राहिल्यावर हे वाक्य फार कामाचं ठरतं. ‘सांगत नाही’ याचे अर्थ किती असतात बघा: नळी आहे, गुंगी आहे, लकवा आहे, भ्रम आहे, भाषा कळत नाही, चष्मा घरी राहिलाय.

आधी विचारा

कुठलाही तक्ता काढण्याआधी पेशंटलाच विचारायचं, हा पहिला नियम. सर्वात जास्त मोडला जाणारा नियमही हाच. तोंडात नळी असली तरी अनेक पेशंट जागे असतात, ऐकतात, उत्तर देऊ शकतात. प्रश्न मात्र उत्तर देता येईल असा हवा. ‘दुखतंय का, की घाबरल्यासारखं होतंय?’ या प्रश्नाला मान हलवून काय सांगणार? एका वेळी एकच गोष्ट विचारायची. मान हलवण्यावर भिस्तही ठेवू नये, कारण आपल्याकडचं मान डोलावणं ‘हो’ही असतं, ‘बरं’ही असतं आणि ‘राहू द्या’ही असतं. ‘दुखत असेल तर माझा हात दाबा’, ‘दुखत असेल तर दोनदा डोळे मिटा’ असं आधी ठरवून घ्यायचं. मग उलटा प्रश्न टाकून खात्री करायची: ‘आत्ता अजिबात दुखत नसेल तर हात दाबा.’ दोन्ही प्रश्नांना हात दाबला, तर त्याला प्रश्न कळत नाहीयेत.

आकडा विचारायचा असेल तर ० ते १० ची पट्टी मोठ्या अक्षरांत, आडवी छापून लॅमिनेट करून ठेवावी आणि पेशंटने त्यावर बोट ठेवावं. आयसीयूतल्या पेशंटना ही मोठी पट्टी बाकीच्या प्रकारांपेक्षा जास्त जमते, हे तपासून पाहिलेलं आहे. तीन गोष्टी मात्र आधी बघायच्या: चष्मा लावलाय का, कानाचं यंत्र कानात आहे की बाजूच्या खणात, आणि पट्टीवरचे आकडे कोणत्या लिपीत आहेत. ठाणे-नवी मुंबईच्या आयसीयूत एका खोलीत चार भाषा सहज नांदतात. सिस्टर केरळची, डॉक्टर मराठवाड्याचा, या कॉटवर दिवा गावची आगरी आजी आणि शेजारी जौनपूरचा रिक्षावाला. ‘पेन है क्या?’ हे वाक्य यातल्या सगळ्यांना सारखं कळत नाही.

जुन्या पिढीला ० ते १० ही कल्पनाच परकी वाटते. शंभरातले किती, दहातले किती, असा हिशोब त्यांनी कधी दुखण्याचा केलेलाच नसतो. रुपयाचा मात्र केलेला असतो. ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ असं विचारलं की आजी बिनचूक सांगते, बारा आणे. नळी असेल तर चार बोटं दाखवायची, एक बोट म्हणजे चार आणे. ही काही प्रमाणित पट्टी नव्हे, फाइलमध्ये आकडा लिहायला ती चालणार नाही. पण ‘मघाशी तीन बोटं, आता एक’ एवढं कळलं तरी औषध लागू पडतंय की नाही ते समजतं.

आणखी एक घरगुती अडचण. सोसायची सवय असलेला माणूस विचारल्यावरही नाही म्हणतो, विशेषतः मुलगा समोर उभा असताना आणि बिलाची काळजी डोक्यात असताना. म्हणून एकदा नातेवाइकांसमोर विचारलं असेल तरी ते गेल्यावर पुन्हा विचारावं.

मग पाहा: चार गोष्टी, आठ गुण

विचारून उत्तर मिळत नसेल तर वागणं वाचायचं. त्यासाठी जगभर दोन तक्ते जास्त चालतात. एक सीपॉट, कॅनडातल्या सेलीन जेलिना आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला. दुसरा बीपीएस, फ्रान्समधल्या पायेन आणि सहकाऱ्यांचा, २००१ चा. इथे सीपॉट सविस्तर बघू, कारण तो नळी असलेल्या आणि नळी काढलेल्या अशा दोन्ही पेशंटना चालतो.

सीपॉटमध्ये चार गोष्टी बघतात: चेहरा, अंगाची हालचाल, व्हेंटिलेटरशी जुळणं आणि स्नायूंचा ताठरपणा. नळी नसेल तर व्हेंटिलेटरच्या जागी आवाज. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे एकूण ० ते ८.

चेहऱ्यावर काहीच ताण नाही, तर ०. कपाळाला आठी, भुवया खाली, डोळ्यांभोवतीची कातडी आवळलेली, वरचा ओठ किंचित वर ओढलेला, तर १. हे सगळं आणि शिवाय डोळे घट्ट मिटलेले, तर २. नळी धरून ठेवायला गालांवर चिकटपट्टी असते, त्यामुळे तोंडाभोवतालच्या घड्या दिसत नाहीत. अशा वेळी नजर भुवयांवर आणि पापण्यांवर ठेवायची. हालचालीत, पेशंट हलत नाही किंवा सहज पडलेला आहे, तर ०; हळू, जपून हलतो, दुखऱ्या जागेकडे हात नेतो, चोळतो, तर १; नळी ओढतो, उठून बसायला बघतो, हातपाय झाडतो, तर २. व्हेंटिलेटर निमूट चाललाय तर ०; खोकतो, अलार्म वाजतो पण आपोआप थांबतो, तर १; मशीनशी ताळमेळच नाही, अलार्म सारखा वाजतोय, तर २. आवाजात नेहमीसारखं बोलणं किंवा शांतता ०, कण्हणं-उसासे १, ओरडणं-रडणं २.

स्नायूंचा ताठरपणा मात्र नुसता बघून कळत नाही, हात लावावा लागतो. पेशंटचा हात कोपरात हळू वाकवायचा आणि सरळ करायचा. सैल असेल तर ०, विरोध जाणवला तर १, इतका ताठ की हालचाल पुरीच करता येत नाही, तर २. ही तपासणी सगळ्यात शेवटी. आधी हात धरला तर त्या स्पर्शानेच पेशंट दचकतो, चेहरा बदलतो आणि बाकीचे तीन आकडे बिघडतात.

आता हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते बघू. समजा, कळव्याचे एक ५८ वर्षांचे काका आहेत, वजन ६० किलो. जठराला भोक पडून काल संध्याकाळी पोटाचं ऑपरेशन झालंय, रात्र व्हेंटिलेटरवर. पंपातून मिडाझोलॅम चालू, सहा तासांपूर्वी १ ग्रॅम पॅरासिटामॉल शिरेतून दिलेलं. हाक मारली तर किंचित हलतात, पण नजर देत नाहीत. पहाटेचे २ वाजलेत, कूस बदलायची वेळ.

सिस्टर आधी बेडच्या पायथ्याशी उभी राहते आणि हात न लावता १ मिनिट नुसती बघते. चेहरा सैल, हालचाल नाही, व्हेंटिलेटर शांत. मग कोपर वाकवून बघते, थोडा ताठरपणा आहे. बेरीज १. इथेच थांबून आकडा लिहिला असता तर फाइल सांगत राहिली असती की काका आरामात आहेत. पण ती आणि मावशी मिळून काकांना डाव्या कुशीवर घेतात. खांदा उचलला जातो तशा भुवया खाली येतात, डोळे घट्ट मिटतात, दात नळीवर आवळतात. चेहऱ्याचे २. उजवा हात सावकाश सरकत पोटावरच्या ड्रेसिंगकडे जातो आणि तिथेच थांबतो. हालचालीचा १. खोकल्याची उबळ येते, हाय प्रेशरचा अलार्म दोनदा वाजून आपणच बंद होतो. आणखी १. कुशीवर धरलेल्या अवस्थेत हात आता जास्त ताठ लागतोय पण वाकतोय, १. बेरीज ५. पाहणीच्या काळात दिसलेला सर्वात मोठा आकडा धरायचा असतो, सरासरी काढायची नसते.

सीपॉटमध्ये ३ किंवा जास्त म्हणजे दखल घेण्याइतकी वेदना आहे असं मानतात. ड्युटी डॉक्टरला कळवल्यावर फेंटानिल लिहून येतं. आपल्याकडे त्याची २ मिलीची अँप्यूल मिळते, तीत १०० मायक्रोग्रॅम असतं. ८ मिली सलाईन मिसळून १० मिली केलं की १ मिलीत १० मायक्रोग्रॅम, म्हणजे हिशोब सोपा. किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम धरून काकांना ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ मिली, सावकाश. ५ मिनिटांनी पुन्हा बेरीज: १. आणि डॉक्टर आणखी एक ओळ लिहितात: यापुढे कूस बदलण्याआधी ३ ते ५ मिनिटं हाच डोस. ४ वाजता तसं केलं जातं आणि वळवताना बेरीज येते २.

फाइलमधली नोंद एवढीच: ‘२ वाजता, आधी १, वळवताना ५. फेंटानिल ३० मायक्रोग्रॅम. ५ मिनिटांनी १. ४ वाजता, आधी डोस, वळवताना २.’ सकाळच्या पाळीच्या सिस्टरला यातून सगळं कळतं. ‘पेन स्कोअर १’ एवढंच लिहिलं असतं तर काही कळलं नसतं.

या हिशोबात एक फसगत लपलेली आहे. ८ पैकी ५ म्हणजे वेदना ‘मध्यम’ आणि ८ पैकी ८ म्हणजे ‘असह्य’ असं नाही. हा तक्ता वागणं मोजतो, वेदनेची तीव्रता नव्हे. तगडा तरुण ६ दाखवेल आणि महिनाभर आजारी, गळून गेलेली बाई तेवढ्याच दुखण्याला २ दाखवेल, कारण झाडायला अंगात ताकदच नाही. आकड्याचा खरा उपयोग त्याच माणसाच्या दोन आकड्यांमध्ये आहे: आधीचा आणि नंतरचा.

बीपीएसबद्दल थोडक्यात. त्यात चेहरा, हातांची हालचाल आणि व्हेंटिलेटर अशा तीनच गोष्टी, प्रत्येकी १ ते ४. म्हणजे सगळ्यात कमी बेरीज ३, जास्तीत जास्त १२, आणि ५ च्या वर गेली की उपाय. गंमत अशी की यात शून्य नाहीच. दोन हॉस्पिटलांत काम करणारी माणसं इथे घोळ घालतात: बीपीएसचा ३ म्हणजे ‘काही नाही’, सीपॉटचा ३ म्हणजे ‘उठा, काहीतरी करा’. म्हणून आकड्यापुढे तक्त्याचं नावही लिहावं.

कधी मोजायचं? अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार दर पाळीत किमान चार वेळा आणि शिवाय लागेल तेव्हा. घड्याळापेक्षा ‘लागेल तेव्हा’ महत्त्वाचं. कूस बदलणं, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), ड्रेसिंग, छातीतली किंवा जखमेतली नळी काढणं, धमनीत सुई घालणं, ही सगळी दुखवणारी कामं आहेत. २००१ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत मोठ्या माणसांना सगळ्यात जास्त दुखलं ते कूस बदलताना, तेही दिवसातून कितीतरी वेळा ‘रुटीन’ म्हणून उरकलं जाणारं काम. २०१४ च्या अनेक देशांतल्या पाहणीत छातीतली नळी काढणं सगळ्यात वर होतं. छातीची नळी काढायच्या आधी औषध तर द्यावंच, शिवाय बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून आसपास ठेवली तरी मदत होते. ज्या आयसीयूत आकडे फक्त ६, १० आणि २ वाजता, पेशंटला न हलवता भरले जातात, तिथे तक्ता शून्यांनी भरलेला दिसेल यात नवल नाही.

तळमळ म्हणजे दरवेळी दुखणं नव्हे

सीपॉट ६ आला म्हणून थेट इंजेक्शन भरायला धावू नये. मिनिटभरात बेडभोवती एक फेरी मारायची. ऑक्सिजन किती आहे? नळी जागेवर आहे का, ओठापाशी तिच्यावर छापलेला आकडा काल होता तोच आहे ना? व्हेंटिलेटरच्या नळ्यांत पाणी साचलंय का, कफ भरलाय का? नळीत डबडबणारं पाणी आणि चिकट कफ यांनीही अलार्म वाजतो. साखर उतरली आहे का? आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा, लघवीची नळी. ती मांडीखाली दबली किंवा तुंबली की पिशवीत लघवी येत नाही, ओटीपोट टरारतं आणि पेशंट अंथरुणात थयथयाट करतो. ओटीपोटावर हात ठेवून बघायला दहा सेकंद लागतात. नळी सरळ केली की ‘अॅजिटेटेड’ माणूस शांत झोपतो, कुठलंही औषध न देता.

तंबाखू आणि दारू हेही बघायचं. रोज मिश्री लावणारी आजी, रोज क्वार्टर घेणारे काका, दोघंही भरती झाल्यावर एकदम बंद झालेले. पुढच्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, उठून पळायची धडपड सुरू झाली तर ते सुटलेल्या सवयीचं लक्षण असू शकतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे. घरचे हे सांगायला लाजतात. आयसीयूतला भ्रम हा आणखी एक प्रकार, त्याची तपासणी वेगळी करतात. मात्र भ्रम झालेल्यालाही दुखू शकतं, एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबू नये.

नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले असतील तर हालचालीचे गुण आपोआप कमी येतात. ते नोंदीत लिहायला हवं. ‘हात बांधलेले, हालचाल ०’ आणि नुसतं ‘हालचाल ०’ यात मोठा फरक आहे.

तक्ता जिथे हात टेकतो

वागणं वाचायचं तर वागायला काहीतरी शिल्लक असावं लागतं. गुंगी मोजायची रास नावाची पट्टी आहे, +४ ते −५. −५ म्हणजे हाकेला नाही, स्पर्शालाही नाही, कशालाच प्रतिसाद नाही. अशा पेशंटला सीपॉट लावला तर उत्तर ० च येणार. ते ० खोटं असतं. त्या रकान्यात ‘मोजता येत नाही’ असं लिहायचं. म्हणून क्रम असा: आधी रास, मग सीपॉट.

याहून वाईट अवस्था स्नायू लुळे करणाऱ्या औषधांची. अॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम यांनी पापणीसुद्धा हलत नाही, पण ही औषधं झोपही आणत नाहीत आणि दुखणंही थांबवत नाहीत. जागा, दुखणारा आणि एक बोटही न हलवू शकणारा माणूस, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. इथे मोजायचा प्रयत्नच करायचा नाही. दुखणारच असं धरून चालायचं आणि लुळं करायच्या आधीच वेदनाशामक आणि खोल गुंगी, दोन्ही चालू असायला हवं.

लकवा झालेल्याचा हात तपासायचा तर चांगल्या बाजूचा. गिलाँ-बारे या आजारात हातपाय आणि कधी चेहराही लुळा पडतो, पण पाठ आणि पाय भयंकर दुखू शकतात. असा पेशंट पूर्ण शुद्धीत असतो, तेव्हा डोळ्यांच्या इशाऱ्यांवर विचारणं हाच मार्ग. डोक्याला जबर मार लागलेले पेशंट इतरांसारखे भुवया आवळत नाहीत. त्यांच्यात वेदनेच्या वेळी एकदम डोळे उघडणं, चेहरा लाल होणं, डोळ्यांतून पाणी येणं दिसतं. घोडबंदर किंवा सायन-पनवेल रस्त्यावरच्या अपघातातला पेशंट येतो तेव्हा डोकं, बरगड्या आणि मांडीचं हाड, तिन्ही एकदम दुखावलेलं असू शकतं. डोक्याचं बघताना बरगड्यांचं दुखणं मागे पडू नये.

भाजलेल्या पेशंटचं तर पूर्ण वेगळंच. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमुळे हा विषय इथल्या लोकांना परका नाही. चेहरा सुजलेला किंवा पट्ट्यांत, हात पट्ट्यांत. सीपॉटच्या चारपैकी दोन-तीन खिडक्या बंद. शिवाय रोजचं ड्रेसिंग हीच सगळ्यात दुखरी घटना. तिथे आकड्याची वाट न बघता ड्रेसिंगच्या आधी औषध ठरवून देतात, गरजेनुसार केटामाइन हे भुलीचं औषधसुद्धा.

मग नाडी आणि बीपी? मॉनिटरवर आकडे डोळ्यांसमोर असतात म्हणून त्यांच्याकडे बघायचा मोह होतो. पण वेदनेचं माप म्हणून ते भरवशाचे नाहीत. तापाने नाडी वाढते, रक्तस्रावाने वाढते, बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनने बीपी चढतं; उलट मेटोप्रोलॉल हे नाडी मंदावणारं औषध घेणाऱ्याची नाडी कितीही दुखलं तरी फार उसळत नाही, पेसमेकरवाल्याची तर मशीन सांगेल तेवढीच. नाडी एकदम उडाली तर ‘आता नीट बघ’ एवढाच त्याचा अर्थ. मोजायचं तक्त्याने, आणि तक्ता चालत नसेल तर एकदा वेदनाशामकाचा बेताचा डोस देऊन फरक पडतो का ते बघायचं. डोळ्यातल्या बाहुलीचा आकार मोजून वेदना ओळखायची यंत्रं आहेत, पण रोजच्या कामात तक्ता आणि डोळे यांच्यावरच भागतं.

औषध दिल्यावर कधी बघायचं, हे औषधावर ठरतं. शिरेतून दिलेलं फेंटानिल एक-दोन मिनिटांत लागू होतं, अर्ध्या ते एका तासात ओसरतं. म्हणून ५ मिनिटांनी बघायचं. मॉर्फिनला पूर्ण जोर यायला वीसेक मिनिटं लागतात. १ ग्रॅम पॅरासिटामॉल १५ मिनिटांत सोडतात, फरक अर्ध्या-एक तासात कळतो, आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जात नाहीत. लिव्हर खराब असेल तर त्याहून कमी. मॉर्फिन ५ मिनिटांनी तपासून ‘लागू पडत नाही’ म्हणून पुन्हा देणं, हा घात आहे. दोन्ही डोस मिळून नंतर श्वास दाबतात. आतडी मंदावणं, पोट फुगणं, बद्धकोष्ठ हेही मॉर्फिन-फेंटानिलसारख्या औषधांबरोबर येतं, म्हणून शौचाचा रकाना वेदनेच्या रकान्याशेजारीच वाचावा. कमी दिलं तरी नुकसान, जास्त दिलं तरी नुकसान. मोजायचा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

घरच्यांनी काय सांगावं

भेटायची वेळ पंधरा मिनिटांची असेल, तर त्यातली दोन मिनिटं सिस्टरला द्या. ‘बाबांचा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे, त्या कुशीवर झोपत नाहीत.’ ‘आईचे गुडघे वाकवले की कळ येते, रोज डायक्लोफेनॅकची गोळी लागते.’ ‘मधुमेहामुळे तळपायांची आग होते, रात्री चादरही सहन होत नाही.’ ऑपरेशनच्या कागदांत यातलं काहीच नसतं, आणि दर दोन तासांनी त्याच खांद्यावर वळवणं चालू राहतं. आगआग होणाऱ्या पायांना मॉर्फिनने पुरता आराम पडत नाही, त्याला प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं आहेत. ती घरी चालू असतील तर चिठ्ठी दाखवा.

दुखणं तुमच्या माणसात कसं दिसतं, हेही तुम्हालाच माहीत. कुणी ओठ चावतं, कुणी पायाची बोटं आवळतं, कुणी एकदम गप्प होतं. ‘दुखलं की बाबा अंगठा मुठीत धरतात’ हे वाक्य फाइलच्या पहिल्या पानावर जायला हवं. निर्णय अर्थातच तक्ता आणि डॉक्टर मिळून घेतील. काळजीने घरच्यांना जास्तही दिसतं, कधी कमीही.

तान्ह्या बाळांसाठी तक्ते वेगळे आहेत. नवजात बाळाला दुखत नाही असं मानून अपुऱ्या भुलेवर ऑपरेशनं होत असत, आणि फार जुन्या काळी नव्हे. ही समजूत मोडायला १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेलं डॉ. के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांचं काम कारणी लागलं. आता टाचेला सुई टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर साखरपाण्याचे मोजके थेंब देतात.

कळव्याच्या काकांचं पुढे असं होईल: तिसऱ्या दिवशी नळी निघेल, घसा बसलेला असेल, शब्द फुटायला वेळ लागेल. तक्त्यातला व्हेंटिलेटरचा रकाना जाऊन तिथे आवाजाचा येईल. सिस्टर विचारेल, ‘काका, दुखतंय का?’ आणि ते म्हणतील ‘ठणकतंय’. ठणका म्हटलं की जखमेकडे बघायचं, सूज किंवा पू तर नाही ना. ‘कळ येते’ म्हणाले तर आतड्यांकडे, ‘आग होते’ म्हणाले तर नसांकडे. एवढी माहिती आठ गुणांच्या तक्त्यात मावत नाही. म्हणून ते बोलू लागले की तक्ता फाइलच्या मागच्या खिशात जातो आणि रकान्यात त्यांनी सांगितलेला आकडा येतो, मग तो सिस्टरला दिसतो त्याहून जास्त असला तरी.